वरळीला फ्लॅट की पाचगणीला व्हिला? पैसेवाल्या मंडळींसाठी थोडं मार्गदर्शन

पंधरा-वीस कोटी नुसते पडून आहेत, एफडीत ठेवायची लाज वाटते, आणि रात्र-रात्र झोप नाही की वरळीला समुद्रासमोर एकेचाळिसाव्या मजल्यावर फ्लॅट घ्यावा की महाबळेश्वर-पाचगणीला व्हिला टाकावा? काळजी करू नका. मी या विषयातला जाणकार आहे. माझ्याकडे दोन्हीपैकी काही नाही, पण मागच्या मे महिन्यात वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात साडेतीन तास उभं राहून मी यावर भरपूर चिंतन केलंय.

पहिला मुद्दा व्ह्यूचा. मुंबईत तुम्ही हवेचे पैसे भरता. फ्लोअर राइज म्हणून जितकं वर जाल तितका चौरस फुटाचा भाव चढतो, म्हणजे खालच्या गरिबांपासून लांब जायचा दर ठरलेला आहे, कसं स्वच्छ काम. डोंगरात व्ह्यू फुकट मिळतो असं ब्रोशरमध्ये दिसतं. पण तो फोटो नोव्हेंबरातला असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर तुमच्या त्या छतापासून जमिनीपर्यंतच्या काचेतून जे दिसेल त्याला आम्ही धुकं म्हणतो. तिथली जुनी माणसं मे संपायच्या आत घराच्या भिंतींना गवताची झापं बांधून घ्यायची, कारण पाऊस वरून नाही, आडवा येतो. तुम्ही मात्र इटालियन लेदरचाच सोफा ठेवा. ऑगस्टात येऊन बघा, त्यावर हिरवी लव आलेली असेल. तेवढंच निसर्गाच्या सान्निध्यात.

व्हिलाला नाव युरोपातल्या एखाद्या गावाचंच द्या. 'तुकाई कृपा' असलं काही नको, रीसेलला मार खातं.

शेतकरी व्हा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, पण तुम्ही घाबरू नका, बांद्र्यात जन्मलेल्या माणसाचेही आजोबा विदर्भात कुठेतरी नांगर धरत होते असं कागदोपत्री निघतं. एकदा सात-बारावर नाव लागलं की चार स्ट्रॉबेरीची रोपं कुंडीत लावा आणि इंस्टाग्रामवर 'बॅक टू रूट्स' टाका.

2001 सालापासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, हे तुम्हाला माहीतच असेल. नसेल तर एजंट सांगेल. तो ते हसत सांगतो.

गारव्यासाठी डोंगरात जा आणि पोहोचल्यावर एसी लावा. हे मी बनवून सांगत नाहीये, बघितलंय.

केअरटेकर गावातलाच ठेवा. शक्यतो ज्याच्या बापाने जमीन विकली तोच, म्हणजे त्याला प्लॉटचा कोपरान् कोपरा माहीत असतो. त्याच्या बायकोकडून पिठलं-भाकरी करून घ्या आणि पाहुण्यांना सांगा, एकदम ऑथेंटिक आहे. मुंबईत हेच काम करणारी बाई सर्व्हिस लिफ्टने येते. डोंगरात लिफ्ट नसल्यामुळे मागच्या दाराने. बाकी फरक नाही.

आता पाणी. इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण लक्झरी म्हणजे शेवटी पाणीच. वरळीला तुम्हाला पोडियमवर स्विमिंग पूल आणि वर टेरेसवर अजून एक पूल मिळेल, कडा नसलेला, म्हणजे आपण समुद्रातच पोहतोय असं वाटतं. ते पाणी तानसा, वैतरणा, भातसाकडून येतं. तानसा तर 1892चं. ही सगळी धरणं ज्या शहापूरच्या आसपास आहेत ना, तिथल्या वाड्यापाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. धरण त्यांच्या उशाला आणि पाणी तुमच्या टेरेसवर. पण मुंबईत ही गोष्ट शंभर किलोमीटर लांब असल्यामुळे डोळ्यांना त्रास होत नाही, हा शहराचा मोठाच फायदा. डोंगरात तसं नाही. डोंगरात ते डोळ्यांसमोर होतं, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर झालं. मावशी पाचगणीच्या अलीकडे राहते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आईला घेऊन निघालो होतो. वाई सोडली आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच ठप्प, मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग, आणि रांग आहे म्हणून एक पांढरी एसयूव्ही उजवीकडून वर घुसली, मग तिच्यामागे अजून सहा, आणि वरून एसटी उतरत होती. झालं. साडेतीन तास. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, शुगर, बाथरूमला जायची सोय नाही, आणि आमच्या नाकासमोर एक टँकर. दहा हजार लिटरचा. मागचा व्हॉल्व्ह गळत होता, त्याखाली रस्त्यावर एवढा मोठा ओला डाग, आणि एक कुत्रं तिथे येऊन चाटत होतं. आई म्हणाली, अरे, महाबळेश्वरला पाणी खालून नेतात? जिथे कृष्णा उगम पावते तिथे? मी म्हटलं, असेल काहीतरी. रांग सुटल्यावर आम्ही त्या टँकरच्या मागेच वर गेलो. मावशीच्या वाडीच्या आधी एक भलंमोठं काळं गेट आहे, टँकर तिथे आत वळला. गेट उघडं असताना दिसलं, निळ्या टाइल्सचा पूल, अर्धा भरलेला, कडेला कुणीतरी बीन बॅग मांडत होतं. आम्ही थांबलो होतो तर वॉचमन आला, गाडी पुढे घ्या, साहेब यायचेत.

मावशीकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. गुडघ्याला पट्टा बांधून ती हंडा उचलत होती. शेजारच्यांची बोअर बंद पडली, ती त्या गेटच्या आत सहाशे फुटांच्या दोन बोअर मारल्यानंतर. योगायोग म्हणायचा.

हां, तर मुद्दा काय होता, व्हिला की फ्लॅट. खरं सांगू का, मला घंटा फरक पडत नाही. वरळीत राहा, पाचगणीत राहा, पैसे तुमचे आहेत, जळतोय म्हणायचं तर म्हणा. पण डोंगर फोडून सपाट करून त्यावर पूल बांधायचा आणि मग शहराच्या गोंगाटाला कंटाळून आलो म्हणत रात्री दोनपर्यंत डीजे लावायचा, ही कुठली रे शांतता? जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला होता, आंबेनळी घाट जागोजागी तुटला, आणि त्याच पावसात खाली महाडकडच्या तळिये गावातली अख्खी वाडी दरडीखाली गेली. तुम्ही त्या आठवड्यात बुकिंगच्या रिफंडसाठी भांडत होता. तो डोंगर तुमच्या विकेंडसाठी रिकामा पडलेला नाही, त्यावर माणसं राहतात, त्यांना सोमवार ते शुक्रवारपण तहान लागते. पूल हवाय ना? मग ऑक्टोबरात पावसाचं पाणी साठवलेलं असू दे तुमच्या टाकीत, सहा हजार मिलिमीटर पडतं की डोक्यावर, का तेही अंगणात फरशी घालून गटारात सोडलंत?

आणि घाटात रांग असेल तर रांगेत उभे राहा. एवढं तरी करा. उजवीकडून घुसू नका.