पेजच्या खात्यावर शून्य

दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद रंगला: भारताचा सर्वश्रेष्ठ क्रिकेटपटू कोण? पुण्याचा चुलतभाऊ गावसकरांसाठी भांडत होता, ठाण्याचा भाचा तेंडुलकरसाठी, आणखी दोघे कोहलीसाठी. कपिल देवचं नाव आलं तेही १९८३ मधल्या नाबाद १७५ धावांमुळे, बळींमुळे नव्हे. झेल घेणाऱ्याचं, धावा रोखणाऱ्याचं नाव कुणी घेतलंच नाही.

त्याच आठवड्यात इथे, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला, शेजारच्या आजोबांकडे रविवारची मॅच बघताना वेगळाच वाद चालला होता. अमेरिकन फुटबॉलचा सर्वश्रेष्ठ बचावपटू कोण? नातू ॲरन डॉनल्डचं नाव घेत होता, विस्कॉन्सिनचा जावई रेजी व्हाइटचं. आजोबा एकच नाव धरून बसले होते: ॲलन पेज.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, आणि त्याने चेंडू फेकायच्या आत त्याला लोळवणं म्हणजे सॅक; दोघांनी मिळून लोळवलं तर दोघांना अर्धा-अर्धा. आपल्या कबड्डीतल्या पकडीसारखाच हा क्षण असतो. स्टेडियम उभं राहतं. पण सॅकची अधिकृत नोंद सुरू झाली १९८२ मध्ये, आणि पेज निवृत्त झाला १९८१ च्या मोसमानंतर. म्हणजे मिनेसोटा व्हायकिंग्जच्या त्या जबरदस्त बचावफळीचा कणा असलेल्या, १९७१ मध्ये संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाच्या अधिकृत खात्यावर एकही सॅक नाही. एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेकडून दिला जाणारा तो मान मिळवणारा तो पहिला बचावपटू होता. त्यानंतर आजवर बचावपटूंपैकी तो एकालाच मिळाला, लॉरेन्स टेलरला, १९८६ मध्ये.

माझं मत विचाराल तर मैदानावरचा सर्वश्रेष्ठ टेलरच. न्यूयॉर्क जायंट्सकडून तो १९८१ ते १९९३ खेळला. १९८६ च्या त्या मोसमात त्याचे साडेवीस सॅक होते, पण मी त्याला निवडतो ते त्यासाठी नाही. त्याच्यामुळे समोरच्यांना आपली मांडणीच बदलावी लागली. पहिल्याच वर्षी, जानेवारी १९८२ च्या बाद फेरीत, सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याला अडवायला जॉन एअर्स हा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीतला आतल्या जागेवरचा खेळाडू, बाहेर काढून लावला. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांनी तर त्याच्या धास्तीने जादा टाइट एंड, म्हणजे त्या फळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू, घेऊन खेळण्याची पद्धतच बसवली. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची, म्हणजे डावीकडची बाजू सांभाळणारा लेफ्ट टॅकल पुढे सर्वांत महागड्या खेळाडूंत गणला जाऊ लागला, त्यालाही मोठं कारण टेलर. ज्याच्या भीतीने दुसऱ्याच्या पगाराचा आकडा वाढतो, त्याची थोरवी त्याच्या स्वतःच्या आकड्यांत कशी मावेल?

तरी आजोबांच्या बाजूने एक गोष्ट अशी आहे की मी गप्प बसून ऐकतो. पेजचे सॅक हरवू नयेत म्हणून माणसं खपली आहेत. जॉन टर्नी आणि निक वेबस्टर या दोन संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या फिल्म आणि सामन्यांचे कागद तपासून १९६० पासूनचे सॅक मोजले. २०२१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले झाले. त्या मोजणीत पेजचे १४८.५ आणि ‘सॅक’ हा शब्द रूढ करणाऱ्या डीकन जोन्सचे १७३.५ आहेत. पेज पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला, २०१५ पर्यंत तिथे होता. इथल्या एका शाळेला त्याचं नाव आहे. त्या शाळेवरून जाताना मला दरवेळी एकनाथ सोलकर आठवतात.

कारण वर्ष तेच, १९७१. ऑगस्टमध्ये ओव्हलवर आपण इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकलो. चंद्रशेखरच्या ३८ धावांत ६ बळींची आठवण सगळ्यांना आहे. पण वेंकटच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल सोलकरांनी पुढे झेपावून घेतला, तो नसता तर? मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या बॅटीखाली उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. हे मोजलेले. पण सोलकर फॉरवर्ड शॉर्टलेगला आहेत म्हणून बेदी-प्रसन्नाला पुढे येऊन खेळायला कितीजण कचरले, ते कुठल्या तक्त्यात सापडणार? टेलरपायी गिब्जनी मांडणी बदलली हे इथे पोराटोरांना सांगता येतं. सोलकरांमुळे कोण कसं बदललं, हे आपण त्या काळच्या फलंदाजांना पुरेसं विचारलंच नाही.

मी ग्रुपवर सोलकरांचं नाव टाकलं. भाच्याने विचारलं, ‘त्यांची सरासरी किती?’ मी उत्तर दिलं नाही. दादरचे मामा चौऱ्याऐंशीचे आहेत, ब्रेबॉर्नवर तासन्‌तास बसून त्यांनी सोलकरांना पाहिलंय. भाच्याला म्हटलं, येत्या रविवारी मामांकडे जा, फोनचं रेकॉर्डिंग चालू कर आणि फक्त एवढंच विचार: सोलकर जवळ येऊन उभे राहिले की फलंदाजाच्या पायांचं काय व्हायचं?