खट्

चार-पाच दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका भेटले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग जरा चाचरतच म्हणाले, "अगं, राग मानू नकोस, पण तुमच्याकडे रात्री सुतारकाम वगैरे चालतं का? म्हणजे आवाज फार नाही गं, पण साडेनऊ-दहाला एकदा खट् होतं, मग पाच मिनिटं काहीच नाही, मग परत खट्. आम्ही दोघं आपले पुढच्या खट्ची वाट बघत जागे."

मी म्हटलं, "काका, मी गिटार वाजवते."

"गिटार?" काका म्हणाले. "गिटारचा आवाज तर कधीच आला नाही."

हे जे शेवटचं वाक्य आहे ना, ते मला चार दिवस झोपू देत नाहीये.

तर आधी कबुली. माझ्याकडे पाच इलेक्ट्रिक गिटार आहेत, दोन अकूस्टिक, एक बेस (बेस का, हे आता मलाही आठवत नाही), दोन अँप (म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्या), बोर्डवर चौदा पेडलं (पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्या) आणि ड्रॉवरमध्ये आणखी नऊ, ती नावडती नाहीत, फक्त सध्या बोर्डवर जागा नाही म्हणून वेटिंगवर आहेत. आणि स्टेजवर वाजवणं म्हणाल तर कॉलेज सुटल्यापासून एकदा. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात. दोघांनी मिळून माझा पेडलबोर्ड वर चढवला, साउंडवाल्या मुलाने शांतपणे माझी वायर घेतली, बोर्डला वळसा घालून थेट मिक्सरमध्ये खुपसली आणि मला इतकं खाली केलं की व्हिडिओत मी गाणाऱ्याच्या मागे उभी राहून पोट खाजवतेय असं वाटतं. म्हणजे माझा खरा मंच एकच. बेडरूममधला कोपरा, कपाट आणि पलंग यांच्या मधला.

आता एवढं सगळं कसं जमलं असं नवरा अधूनमधून विचारतो, भांडायला नाही, खरंच समजून घ्यायचं असतं त्याला, आणि मला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. पहिली घेतली स्ट्रॅटोकास्टर घराण्यातली. सुंदर. पण तिला सिंगल कॉइल पिकअप, आणि सिंगल कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं घातलेलं लोहचुंबक, ते तारांची थरथर तर पकडतंच पण भिंतीतल्या विजेची गुणगुणही तितक्याच प्रेमाने पकडतं. मग मला कळलं की यावर १९५५ सालीच गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने उपाय काढून ठेवलाय, दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या म्हणजे गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते, त्याला हंबकर म्हणतात. मग हंबकरवाली नको का घ्यायला? घेतली. तेव्हा कळलं की तिची स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, पावणेपंचवीस इंच आणि पहिलीची साडेपंचवीस, म्हणजे तारांचा ताण वेगळा, हाताला लागणं वेगळं.

"म्हणजे पाऊण इंच," नवरा म्हणाला.

"हो."

"पाऊण इंचासाठी अख्खी गिटार."

असं ऐकायला वाईट वाटतं, मान्य आहे. म्हणून ट्यूब स्क्रीमरचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. ट्यूब स्क्रीमर हे हिरव्या रंगाचं ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज जरा फाडणारं पेडल, माझ्याकडे तीन आहेत, आणि तिन्ही हिरवी असण्याचा फायदा असा की घरात एकच आहे असं सगळे धरून चालतात. एकदा साफसफाईत तिन्ही एका रांगेत सापडली. मी समजावून सांगितलं की हे टीएस८०८ आणि हे टीएस९, वेगळी आहेत, आउटपुटला दोन रेझिस्टर वेगळे आहेत. त्याने विचारलं रेझिस्टर केवढा असतो. मी म्हटलं मुंगीएवढा. मग तो काही बोलला नाही, नुसता तिन्ही पेडलांकडे बघत राहिला, ते मला जास्त लागलं. तिसऱ्यात काय वेगळं आहे हे त्याने विचारलं नाही हे बरं झालं.

या दुखण्याला नावसुद्धा आहे. स्टीली डॅन या अमेरिकन बँडच्या वॉल्टर बेकरने नव्वदच्या दशकात गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम, म्हणजे गिटारी जमवत सुटण्याचा आजार, असं नाव काढलं, आद्याक्षरं घेतली की जी ए एस, गॅस. पुढे गिटारची जागा गिअरने घेतली, कारण गिटारवर कोण थांबतंय. हे मी एकदा फोनवर आईला हौसेने सांगायला गेले की आई, मला ना गॅस आहे, आणि पुढचं वाक्य बोलायच्या आत तिने मावशीला सांगितलं, मावशीने सगळ्यांना, आणि आजही कुठल्या लग्नात भेटलं की लोक आवाज खाली करून विचारतात, "आता कसं आहे पोटाचं?"

पण खरी गोष्ट अँपची आहे. पहिला अँप घेतला पन्नास वॉटचा, व्हॉल्व्हवाला, कारण व्हॉल्व्हचा अँप जरा वर केला की त्याचा आवाज आपोआप फाटायला लागतो आणि त्या फाटण्यासाठीच तर लोक जीव टाकतात. हा "जरा वर" म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. माझ्या अँपला एक ते दहा आकडे आहेत, त्यातला मी आजवर एक बघितलाय, तोही लांबून. शून्य आणि एकच्या मध्ये केसाएवढी जागा आहे, अलीकडे पूर्ण शांतता, पलीकडे कपाटाची दारं थरथरतात, मुलगी अभ्यासाच्या खोलीतून "आईऽऽ" करते. म्हटलं आपलंच चुकलं, घरच्यासाठी लहान घ्यायला पाहिजे होता. घेतला पाच वॉटचा. पन्नासचा दहावा हिस्सा, म्हणजे आवाजही दहावा, असा साधा हिशोब. तो हिशोब कानाला मान्य नसतो हो! कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात, म्हणजेच दहापट कमी केले की आवाज फक्त निम्मा. आता माझ्याकडे शेजाऱ्यांना उठवणारा एक अँप आहे आणि अर्धवट उठवणारा एक.

मग अटेन्युएटर आणला. हा अँप आणि स्पीकरच्या मध्ये लावायचा, अँपमधून येणारी ताकद तो गिळतो आणि तिची उष्णता करतो. नवऱ्याने त्या मशीनच्या पाठीला हात लावून बघितलं, गरम होतं. म्हणाला, "म्हणजे आधी पन्नास वॉट विकत आणले, आणि आता ते जाळायला वेगळं मशीन." मी काय बोलणार. शिवाय एवढं करून हळू आवाजात ते पातळच लागतं, आणि त्यालाही कारण आहे, फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय की आवाज कमी असला की माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. माझ्या हातात दोष नाही हे एवढं पक्कं शास्त्रीय उत्तर मला आयुष्यात दुसऱ्या कशाचं मिळालेलं नाही.

शेवटी मग सगळे येतात तिथेच मीही आले, हेडफोनवर. आता एक डबी आहे, तिच्यात शंभरावर अँप आहेत, खोटे, पण डोळे मिटले की खरे. त्यातले मी दोन वापरते.

आणि इथे मला काकांचं म्हणणं नीट कळायला लागलं. हेडफोन घातल्यावर हे चौदा पेडलांचं, त्या दोन रेझिस्टरचं, त्या पाऊण इंचाचं जे काही साम्राज्य आहे ते फक्त माझ्या दोन कानांच्या मध्ये उरतं. बाहेर जगाला काय ऐकू येतं? बिनआवाजाच्या इलेक्ट्रिक गिटारचं टिंग टिंग, आणि पेडल दाबल्याचं खट्. मुलीने मागच्या महिन्यात गुपचूप व्हिडिओ काढला माझा. माझ्या आठवणीत त्या रात्री मी सोलो घेतला होता, डिले (सूर पुन्हा पुन्हा घुमवणारं पेडल) लावून, एक सूर ताणून धरला होता आणि तो लांबवर विरत गेला होता, माझ्याच अंगावर काटा आला होता. व्हिडिओत एक बाई कपाटाकडे तोंड करून बसलीय, डोळे घट्ट मिटलेत, खालचा ओठ दाताखाली, मान हळूहळू मागे जातेय, टिंऽऽ. मग काही नाही. मग पाय उचलून खट्. फॅमिली ग्रुपवर आत्याचा रिप्लाय आला, "दात दुखतोय का हिचा?"

कपाटाकडे तोंड का, तेही सांगते, कारण घरच्यांना वाटतं मी रुसून बसते. सिंगल कॉइलची ती गुणगुण दिशेप्रमाणे कमीजास्त होते. खुर्ची फिरवत फिरवत गेलं की एक कोन असा सापडतो की गुणगुण जवळपास गायब. माझ्या घरात तो कोन कपाटासमोर आहे, आपण काय करणार.

मला दिवसाचा एक तास मिळतो. मुलगी झोपल्यावर साडेनऊ ते साडेदहा. गेल्या बुधवारी बसले, हेडफोन घातले आणि गुणगुण. खुर्ची फिरवली, कपाट आलं, तरी गुणगुण. मग लागले मागे. आधी पॉवर सप्लाय. मग चौदा पेडलांच्या मधल्या तेरा छोट्या वायरी, एकेक काढून लावून बघायची, प्रत्येक वेळी खट्, ऐकायचं, परत खट् (काका, तो बुधवार मला माहितीये, सॉरी). मग मध्यावर तोडून बघितलं, आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून. मग गिटारच बदलली. दुसरी काढली तर तिच्या तारा गंजलेल्या. तिसरीला तो तारा कुलूपबंद करणारा फ्लॉइड रोज ब्रिज आहे, तिची एक तार तुटलीय अकरा महिन्यांपूर्वी, आणि त्या ब्रिजवर एक तार बदलून ताणली की बाकीच्या पाच ढिल्या पडतात, त्या ताणल्या की पहिली, एकत्र कुटुंबासारखं आहे ते, एकाला समजवा की दुसरा बिघडला. ती परत केसमध्ये ठेवून दिली. दहा पंचवीसला लक्षात आलं की मांडीशेजारी पलंगावर नवऱ्याचा मोबाइल चार्जिंगला लावलाय. तो उचलून लांब ठेवला. शांतता. अशी स्वच्छ शांतता मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. पाच मिनिटं उरली होती, त्यात मी ट्यून केलं. जी ची तार लागली नाही. ती कोणाचीच लागत नाही म्हणा.

नवऱ्याने मध्यंतरी कुठूनतरी वाचून आणलं की विली नेल्सन हा अमेरिकन गायक १९६९ पासून एकच गिटार वाजवतोय, मार्टिनची, वाजवून वाजवून तिच्या पोटाला भोक पडलंय तरी तीच. सांगून झाल्यावर तो माझ्याकडे अर्थपूर्ण बघत थांबला. मी म्हटलं, "बघ, पडलं ना भोक? माझ्या एकीला तरी पडलंय का? आलटून पालटून वापरल्या की टिकतात." आणि मनात म्हटलं लिओ फेंडर, ज्याने जगाला स्ट्रॅटोकास्टर दिली १९५४ ला, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, सॅक्सोफोन यायचा. म्हणजे या क्षेत्रात वाजवणं हीच एक बाजू आहे असं नाही.

तर काका. चार दिवस विचार केला, पायाखाली जाड मॅट घालू का, की ती हलक्या स्पर्शाची बटणं असलेला स्विचर घेऊ, तो कार्टमध्ये टाकूनही ठेवलाय, पण ते "आवाज तर कधीच आला नाही" काही डोक्यातून जाईना. मग काल दुपारी मीच खाली गेले आणि सांगितलं, "काका, रविवारी पाच वाजता मी अँपवर वाजवणार आहे. पन्नास वॉटच्या. तुम्हाला चालेल ना?" काका एकदम खूश. "अगं वाजव की! खिडकी उघडी ठेव."

आज पाच वाजता सगळं मांडलं. मुलीला आणि नवऱ्याला पलंगावर बसवलं. अँप तापला. व्हॉल्यूम दोनवर नेला, दोनवर! आणि जोरात सुरू केलं, ते माझं नेहमीचं, कुठलंही नवं पेडल आलं की मी जे वाजवून बघते ते. अप्रतिम आवाज, काच थरथरली, अंगावर काटा. आठ मात्रा झाल्या, मग आणखी आठ, आणि मग हात थांबला. कारण त्याच्या पुढचं मला येत नाही. म्हटलं ठीक आहे, दुसरं घेऊ, त्याचीही सुरुवात केली, दणदणीत, आणि तेही तिथेच संपलं जिथे गाणारा सुरू होतो. तिसऱ्याचं मला फक्त मधलं येतं. तेवढं वाजवलं. मग परत पहिलं घेतलं, जरा वेगळ्या पेडलवर. पंधरा वर्षांत मी किती सुरुवाती शिकलेय हे मला पहिल्यांदाच कळत होतं. नवरा नम्रपणे टाळी वाजवावी की थांबावं या विचारात दोन्ही हात वर धरून बसला होता.

तेवढ्यात मोबाइल वाजला, काकांचा मेसेज. "आवाज एकदम छान येतोय. टेस्टिंग झालं की सुरू कर गं, आम्ही दोघं खुर्च्या घेऊन खिडकीशी बसलोय."