सिगरेट कशाला सोडताय, शिंपल्याची गोळी घ्या की

हे बघा, सिगरेट सोडायच्या भानगडीत अजिबात पडू नका. सोडली की चिडचिड होते, वजन वाढतं आणि मेन म्हणजे चार वाजता ऑफिसमधून टपरीवर सटकायला कारण उरत नाही. त्यापेक्षा समुद्रातल्या कुठल्यातरी प्राण्याचा अर्क चालू करा, म्हणे त्याने धुरापासून फुफ्फुसं वाचतात. न्यूझीलंडचा हिरव्या कडांचा शिंपला म्हणा, माशाचं तेल म्हणा, समुद्रकाकडी म्हणा (भाजी नव्हे, काकडीसारखा दिसणारा समुद्री प्राणी), काहीही चालेल, फक्त महाग पाहिजे, स्वस्तातल्या गोळीवर फुफ्फुसांचा विश्वास बसत नाही.

पुरावा विचारताय? आहे ना. उंदरांना पेटीत बसवून धूर देतात, सोबत अर्क पाजतात, मग फुफ्फुसाचे काप करून बघतात, सूज जराशी कमी दिसली की झालं आपलं काम! आता तो उंदीर काप केल्यावर घरी जात नाही, आणि नुसता सोडला असता तरी दोनेक वर्षंच जगला असता, तुम्ही मात्र कॉलेजपासून ओढताय, पण इतक्या बारीक गोष्टी कोण बघतं. तंबाखूच्या धुरात 7000 च्या वर रसायनं, त्यातली 70 च्या आसपास कॅन्सर करणारी, आणि समोर तुमची जेवणानंतरची एक गोळी. बघून घेईल ती.

न्यूझीलंडवाल्यांचा आदर्श ठेवा. 1999 साली तिथे बातमी आली की शिंपल्याचं तेल म्हणे कॅन्सरच्या पेशी मारतं, लोकांनी दुकानं रिकामी केली राव. पेशी मारल्या होत्या त्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात, माणसात नाही, आणि पुढे विकणाऱ्यांना दंडही झाला. पण तोपर्यंत माल खपला होता, त्यामुळे प्रयोग यशस्वीच म्हणायचा.

कुणी शहाणा तुम्हाला फिनलंडचं सांगेल. तिथे 29 हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, फुफ्फुसं वाचतील म्हणून. 1994 ला निकाल लागला तर गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त. घाबरू नका, ते गाजरातलं द्रव्य आणि आपलं समुद्रातलं. गाजराचा आणि समुद्राचा संबंध काय? बास, विषय संपला.

एक मात्र सांभाळा, गोळी पोटात जाते आणि धूर फुफ्फुसात, म्हणून कुणी जास्त हुशार माणूस तेल थेट नाकावाटे आत सोडायचा सल्ला देईल. माशाचं तेल फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, लिपॉइड न्यूमोनिया असं खास नावच आहे त्याला. एवढी निष्ठा नको.

स्वदेशी पाहिजे असेल तर मालवण-गोव्याकडचे शिनाणे, म्हणजे आपले हिरवे शिंपले, आहेतच. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने याच हिरव्या शिंपल्याच्या अर्काची कॅप्सूल काढलीये, सांधेदुखीसाठी. फुफ्फुसाचं तिथे कुणी काही बोललेलं नाही, पण आपण फुफ्फुसालाही सांधाच समजायचं. आणि थोटकं गटारात टाकत जा, फिल्टर म्हणजे प्लास्टिकच, पावसात वाहत वाहत खाडीत जातं, तिथे शिंपले दिवसभर पाणी गाळत बसलेले असतातच, त्यांनाही कळू दे तुम्ही कुठला ब्रँड ओढता ते.

समुद्रकाकडी मात्र भारतात मिळवायला जाऊ नका. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे ती, 2001 पासून, म्हणजे वाघाच्याच रांगेत, सापडलात तर किमान 3 वर्षं आत. तसं बघायला गेलं तर फुफ्फुसांसाठी तिचा एवढा एकच उपयोग खात्रीचा वाटतो, कारण आत टपरी नसते.