फूटपाथला शिव्या घाला, पण हाडंही तपासा

घोडबंदर रोडच्या फूटपाथबद्दल माझं मत तुमच्याइतकंच वाईट आहे. त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या काकू उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगने महापालिकेचा उद्धार केला. प्लास्टर घातलं, निघालं, विषय मिटला.

माझं भांडण या विषय मिटण्याशी आहे. चालता-चालता पडून धडधाकट हाड सहसा मोडत नाही. पन्नाशीनंतर असं मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का हे बघायलाच हवं. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा हा आजार, दुखत नाही, म्हणून कळत नाही. (गुडघे दुखतात ते सांध्यांच्या झिजेमुळे, ते दुखणं वेगळं.) बऱ्याचदा आधी मनगट जातं. मग मणके दबतात, उंची कमी होते, पोक येतं आणि आपण म्हणतो, वय झालं! त्यानंतर खुबा. घरात कोणाचा खुबा मोडला असेल, तर पुढचं सांगायला नको.

काकूंना डेक्सा स्कॅन करा असं कोणी सांगितलंच नाही. हाडांची घनता मोजणारा, कंबर आणि खुब्याचा हा साधा, न दुखणारा स्कॅन. त्यातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं कुठे आहेत तो आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की निदान पक्कं. क्लब हाऊसमधल्या फुकट शिबिरात टाचेला मशीन लावतात, तो फार तर अंदाज. आणि शेजारच्याच टेबलावर पावडरचे डबे मांडलेले दिसले की मला त्या अंदाजाचीही शंका येते.

कॅल्शियम दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. दूध, दही, नाचणी, तीळ, सुकट, सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं. पण आजार जडल्यावर नुसत्या नाचणीने भागत नाही, औषध लागतं. आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. हे नीट न सांगितल्यामुळे बायका छातीत जळजळतंय म्हणून गोळी परस्पर बंद करतात.

पाळी लवकर गेलेल्या किंवा अंडाशय काढलेल्या बायकांनी फ्रॅक्चरची वाट बघू नये. आणि काका मंडळींनी हा बायकांचा आजार म्हणून पुढे स्क्रोल करू नये. महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की पुरुषांचीही हाडं विरतात, आणि खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये बायकांपेक्षा जास्त आहे.