सभागृह मिळाले, म्हणजे हस्तलिखित तयार झाले

आपले हस्तलिखित संपादकाच्या हाती देण्याजोगे झाले आहे की नाही, हे ओळखण्याची ठाण्यातली खात्रीची खूण एकच आहे, आणि ती म्हणजे प्रकाशन समारंभासाठी सभागृह ठरलेले असणे. नौपाड्यात किंवा तलावपाळीच्या आसपास शनिवारची संध्याकाळ मिळणे हे कादंबरी सुचण्यापेक्षा अवघड असते. तेव्हा आधी हॉल पाहावा, मग पाहुणे ठरवावेत, शाल आणि श्रीफळ यांची सोय लावावी, आणि कादंबरीचा शेवट काय करायचा हे त्यानंतर सवडीने बघावे. आगाऊ रक्कम भरल्याची पावती हातात पडली, की त्याच रात्री संपादकाला फोन करून ‘थोडंसंच बघायचंय, बाकी सगळं झालंय’ असे सांगावे. मी गेली काही वर्षे पाचपाखाडीत घरी बसून लोकांची हस्तलिखिते दुरुस्त करून देतो, त्यामुळे या ‘थोडंसं’ची लांबी मला चांगली ठाऊक आहे. ती सहसा तीनशे पानांच्या खाली उतरत नाही.

तुम्ही स्वतः ते हस्तलिखित एकदा तरी सलग वाचले आहे का, असा प्रश्न काही आगाऊ संपादक विचारतात. त्याने विचलित होऊ नये. जे तुम्हीच लिहिले ते तुम्हीच पुन्हा काय वाचायचे? लेखन संपल्यावर बाड दोन-तीन महिने कपाटात ठेवून द्यावे आणि मग ते परक्याचे असल्यासारखे वाचावे, असा एक जुनाट सल्ला आपल्याकडे अजून दिला जातो, परंतु मुरायला ते काही कैरीचे लोणचे नव्हे. शिवाय तीन महिन्यांनी वाचल्यास त्यातली सत्तर-ऐंशी पाने आपली आपल्यालाच नकोशी होण्याचा मोठाच धोका संभवतो, आणि ती पाने काढून टाकल्यावर संपादकाने करायचे तरी काय? मोठ्याने वाचून पाहणे तर कटाक्षाने टाळावे. वाचताना जिथे दम लागतो तिथे वाक्य फसलेले असते, एकाच पानावर ‘अचानक’ हा शब्द सहा वेळा आलेला कानाला लगेच कळतो, आणि संवाद म्हणताना जिभेलाच लाज वाटू लागली, तर तो ठाण्यात कोणी बोलत नाही हे मान्य करावे लागते. इतकी सगळी माहिती एका दुपारी फुकट हाती आली, तर मनःशांतीचे काय होईल याचा विचार करावा.

पूर्वी असे नव्हते, हे खरे आहे. गिरगावात खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा वाचून लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, लेखक त्या पत्रांवर विचार करून कथा पुन्हा लिहीत, आणि पुष्कळदा ती पुन्हा परत येई. ‘साभार परत’ हे दोन शब्द पचवण्याची ताकद त्या पिढीच्या पोटात होती. परंतु ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली, आणि आपल्याला आता पोस्टाच्या पत्राची वाट पाहायला वेळ नाही, कारण हॉल बावीस तारखेचा आहे.

मजकुरातल्या तपशिलांची शहानिशा हेही संपादकाचेच काम समजावे. माझ्याकडे मागे एक गृहस्थ आले होते, म्हणजे खरे तर मीच त्यांना भेटायला तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी गेलो होतो, कारण त्यांना सभागृहवाल्यांकडेही जायचे होते. त्यांनी चिवड्याच्या रिकाम्या डब्यातून एक पेन-ड्राइव्ह काढला (पावसात भिजू नये म्हणून ही व्यवस्था) आणि पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत काढून माझ्या मांडीवर ठेवली. कादंबरी १९६५ सालच्या ठाण्यातली होती. मी सहज मधले पान उघडले. नायक आणि नायिका गडकरी रंगायतनमध्ये नाटक पाहून बाहेर पडत होते, आणि नंतर तो तिला सोडायला ठाण्याहून थेट लोकलने वाशीला जात होता. आम्ही बसलो होतो तिथून रंगायतनची इमारत समोर दिसत होती. मी म्हणालो, ‘काका, रंगायतन १९७८ साली सुरू झालं. नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली तीच १९७० मध्ये, आणि ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या २००४ साली.’ त्यांनी तलावाकडे पाहत शांतपणे उत्तर दिले, ‘वाचकाला कुठे एवढं कळतं?’

हे वाक्य प्रत्येक लेखकाने पाठ करून ठेवावे, फक्त ते ठाण्यात उच्चारू नये. या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांत समासात पेन्सिलीने ‘चूक! हा पूल तेव्हा नव्हता’ असे लिहून ठेवणारे निवृत्त वाचक हीच आपल्याकडची सर्वांत कडक संपादकीय यंत्रणा आहे. ती पैसे घेत नाही आणि पुस्तक छापून झाल्यावरच कामाला लागते.

सुरुवातीविषयीही एक सूचना करावीशी वाटते. ठाण्यावर कादंबरी लिहायची, तर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी पहिल्या पानावर ठाण्यात शिरलीच पाहिजे. तिचे १४ डबे, तिची ३ इंजिने, तिच्यातले सुमारे ४०० प्रवासी, सगळे यथासांग यावे. तुमचा नायक १९४८ साली जन्मणार असला आणि त्याच्या जन्माला एकसष्टावे पान उजाडणार असले, तरी हरकत नाही. संपादक ही साठ पाने काढायला सांगेल, आणि काढली तर कथेला कुठेच धक्का लागत नाही असेही वर दाखवून देईल. ही गोष्ट तुम्हालाही लिहिताना अधूनमधून जाणवली होती, पण ती पाने तुम्ही स्वतः काढलीत तर उरलेल्या मजकुरासाठी त्याच्याकडे डोके शिल्लक राहील, आणि मग तो नायिकेच्या वागण्यातल्या खऱ्या अडचणीवर बोट ठेवील. ते परवडणारे नाही. त्याला साठ पानांत गुंतवून ठेवावे.

आपल्याला नेमके काय हवे आहे, हे संपादकाला मुळीच सांगू नये. कथेची बांधणी तपासणे हे एक काम, वाक्यावाक्याला भाषा घासून घेणे हे दुसरे, आणि पाने लागल्यावर, म्हणजे मजकूर छपाईसाठी पानांत मांडून झाल्यावर, मुद्रितशोधन हे तिसरे. या तिन्हींना वेगवेगळा वेळ लागतो आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो, ही समजूत केवळ दर वाढवण्यासाठी पसरवण्यात आली आहे असे मानून चालावे. तुम्ही फक्त ‘ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघा’ असे म्हणावे. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली १४ होते, १९७२ मध्ये त्यांत ४ वाढले, म्हणजे एकूण अठराच तर आहेत. एका बैठकीत काम होऊन जाईल. संपादकाने ‘पण ही व्यक्तिरेखा मध्येच नाहीशी का होते?’ असे विचारले, तर ‘ते सोडा, पहिली वेलांटी की दुसरी ते सांगा’ असे उत्तर द्यावे. बांधणीचे प्रश्न मनात आणायचेच असतील, तर ते पाने लागल्यानंतर आणावेत. याचे शास्त्र असे आहे: डेमी आकाराच्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर मिळून १६ पाने बसतात आणि त्याला एक फर्मा म्हणतात. नव्वद हजार शब्दांची कादंबरी, पानाला तीनशे शब्द धरले, तर ३०० पानांची होते, म्हणजे १९ फर्म्यांच्या ३०४ पानांत चारच पाने उरतात, ज्यांत शीर्षकपान, अर्पणपत्रिका आणि बाकीची दाटी बसवायची असते. अशा अवस्थेत तुम्हाला तिसऱ्या प्रकरणात आजोबांचे एक स्वप्न घालावेसे वाटले, की पुढची सगळी पाने सरकतात, अनुक्रमणिका चुकते, दोनदा तपासून झालेल्या प्रुफांना काही अर्थ उरत नाही, आणि आभाराच्या पानावर आणखी अकरा नावे आली, की विसावा फर्मा उघडावा लागतो. डीटीपी करणारा मुलगा त्या दिवसापासून तुमचा फोन उचलत नाही. हा आनंद हस्तलिखित वेळेवर पक्के करणाऱ्या लेखकांच्या नशिबी नसतो.

मजकूर कोणत्या स्वरूपात द्यावा, याबाबत मन मोकळे ठेवावे. पहिली सात प्रकरणे जुन्या फाँटमध्ये, पुढची पाच युनिकोडमध्ये, एक फोनवर बोलून टंकलेले आणि त्यामुळे विरामचिन्हांपासून संपूर्णपणे मुक्त असलेले, आणि शेवटचे वहीच्या पानांचे फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर, अशी विविधता असली की काम कंटाळवाणे होत नाही. धारिकांची नावे ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘एकदम अंतिम’ आणि ‘हीच घ्या’ अशी ठेवावीत, आणि खरी धारिका ‘अंतिम नवीन’ ही असावी. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये नेताना अर्धा ऱ बरेचदा वाटेत पडतो, हे लक्षात ठेवून मूळ छापील प्रत मात्र देऊ नये. एका कादंबरीत लग्नाच्या घरी आचाऱ्याने जिलब्या तळायला घेतल्या होत्या, त्या रूपांतरानंतर आचार्याने घेतल्या, आणि येऊरच्या दऱ्यांत उतरलेला नायक पुढच्याच परिच्छेदात दर्यांत उतरला. मी तो भाग आधी प्रयोगशील लेखन समजून आदराने वाचला होता, हे इथे कबूल करतो.

पहिले वाचक निवडताना घराबाहेर जाऊ नये. आत्याला रडू आले आणि मेहुण्याने ‘जबरदस्त’ म्हणून दोन अंगठे पाठवले, की समीक्षा पूर्ण झाली. ज्याला तुमच्याबद्दल काही वाटत नाही आणि जो कंटाळा आला त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवील, अशा माणसाच्या हाती प्रत देण्याइतका वेडेपणा नाही, कारण दुमडलेले कोपरे खोटे बोलत नाहीत.

मात्र एका जातीच्या लेखकापासून सर्वांनी सावध राहिले पाहिजे. तो क्वचित येतो, पण येतो. माझ्याकडे वर्तकनगरहून अशा एक बाई आल्या होत्या. त्यांनी चौथ्यांदा लिहून काढलेला मजकूर आणला, एकाच धारिकेत. सोबत एका कागदावर पात्रांची नावे, वये आणि कोणत्या साली कोण कुठे राहत होते याचा तक्ता होता. आणि चहा येण्याच्या आत त्या म्हणाल्या, ‘मधली शंभर पानं मला पटत नाहीत. तीन प्रकारे करून पाहिली. आता मला माझं माझं दिसेनासं झालंय, म्हणून तुमच्याकडे आले.’ अशा माणसाशी काय बोलणार? वेलांट्यांची पडताळणी त्यांनी आधीच करून घेतली होती, त्यामुळे माझा हक्काचा विरंगुळा गेला. मला सगळे हस्तलिखित दोनदा वाचावे लागले, प्रत्यक्ष विचार करावा लागला, आणि ती शंभर पाने थोरल्या बहिणीच्या तोंडून यायला हवीत हे सांगायला तीन आठवडे लागले. सभागृहाचे नावसुद्धा त्यांनी काढले नाही. ते पुस्तक अजून आलेले नाही. त्या पाचव्यांदा लिहीत आहेत, असे कळते.

त्या मानाने तलावपाळीवरचे काका मला सोयीचे होते. त्यांना मी दहा दिवसांत स्पायरलची प्रत परत दिली. समासात पेन्सिलीने एकशे चाळीस शंका लिहिल्या होत्या, आणि त्यांना रात्री जागून उत्तरे द्यावी लागतील म्हणून मला थोडे अपराधी वाटत होते. तिसऱ्याच दिवशी प्रत माझ्या दारात आली. जवळजवळ प्रत्येक शंकेपुढे हिरव्या शाईत ‘राहू द्या’ असे सुबक अक्षरात लिहिले होते. २१२ व्या पानावर मी विचारले होते, ‘मालतीबाई चौथ्या प्रकरणात विषमज्वराने वारल्या आहेत. इथे पाहुण्यांना चहा कोण देत आहे?’ त्याखाली मात्र त्यांनी सविस्तर उत्तर दिले होते: ‘त्यांची जुळी बहीण. तिचा उल्लेख पुढच्या कादंबरीत येईल. तुम्ही फक्त “चहा”तला “च” तेवढा बघा, आणि शनिवारी साडेपाचला या.’