बावखलाच्या काठावर रुबेला

मेल्विनच्या लेकीला येत्या गुरुवारी नववा महिना पूर्ण होतो आणि त्याच दिवशी अंगणवाडीत गोवर-रुबेलाच्या लसीचे सत्र आहे, एवढी साधी गोष्ट चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या कट्ट्याला दोन तास पुरली. कट्टा म्हणजे वसईतील आमच्या आळीच्या बावखलाचा, म्हणजे जुन्या तळ्याचा, दगडी काठ. निम्मे बावखल बुजवून त्यावर चार मजली इमारत उभी राहिली आहे, उरलेल्या निम्म्यात शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, आणि काठावर आम्ही आहोत. बोलणे अर्थातच कादोडीत, आमच्या घरच्या बोलीत, झाले. इथे ते प्रमाण मराठीत उतरवताना शिव्या गळून पडल्या आहेत आणि त्यामुळे इनासकाकांवर थोडा अन्याय झाला आहे, हे आधीच कबूल करतो.

मेल्विनची शंका नेहमीच्या जातीची नव्हती. २०१८ साली गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांत आली तेव्हा या लसीने पुढे मुले होत नाहीत अशी आवई उठली होती आणि तिच्यावर सर्वांत जास्त हसणारा मेल्विनच होता. आता मात्र त्याने शांतपणे सांगितले, "लस सुरक्षित आहे हे मला मान्य आहे. ती कशावर वाढवली आहे, ते मला टोचते."

विल्सन लगेच सरसावला. तो औषध कंपनीत एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, आहे, आणि गोवर-रुबेलाच्या एमआर लसीची बाजू एमआरने घ्यावी हा कोटीचा मुद्दा त्या दिवशी निदान चार वेळा वापरला गेला. रविवारीही त्याच्या खांद्याला ती काळी बॅग असते. मिस्सेला तो ती गुडघ्यांशी ठेवून प्रार्थना करतो. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे हे ऐकण्याआधीच त्याच्याकडे तीन मुद्दे तयार असतात आणि ते तो बोटांवर मोजतो. पहिला मुद्दा, विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढतच नाही, त्यामुळे कुठली तरी पेशी लागणारच. दुसरा मुद्दा, या पेशी गर्भपात झालेल्या गर्भाच्या असल्या तरी साठेक वर्षांपूर्वीच्या आहेत, त्याच पुनःपुन्हा वाढवल्या जातात आणि त्यासाठी नवा गर्भपात कोणी करत नाही. तिसरा मुद्दा, गर्भार बाईला रुबेला झाला तर बाळ पोटातच दगावते किंवा मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाला छिद्र असे काही घेऊन जन्माला येते, म्हणजे लसीने वाचलेली बाळेच मोजायची तर हिशेब केव्हाच फिटला. तिन्ही मुद्दे बरोबर होते. तरीही ऐकताना कोणी आपल्याला खोकल्याच्या औषधाची नवी बाटली दाखवत आहे असे वाटत राहिले.

"हिशेब फिटला हे कोणी ठरवले?" मेल्विनने विचारले. मग त्याने जे वाचले होते ते सांगितले, आणि ते त्याने नीट वाचले होते हे मला मान्य करावे लागेल. १९६२ साली स्वीडनमधील एका स्त्रीचा गर्भपात झाला. त्या गर्भाच्या फुप्फुसाचा तुकडा अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पोहोचला आणि लेनर्ड हेफ्लिक यांनी त्यातून पेशींचा जो वाण तयार केला त्याला डब्ल्यूआय-३८ म्हणतात. त्याच संस्थेतील स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी रुबेलाचा विषाणू त्या पेशींवर वाढवून सौम्य केला. त्या विषाणूचे नावच आरए २७/३ आहे, आणि त्यातील 'ए' हे अक्षर गर्भपाताचे आहे: सत्ताविसावा गर्भ, तिसरा ऊतक. १९६४ च्या साथीत रुबेला झाल्यामुळे ज्यांनी गर्भपात करून घेतला त्यांतील एकीचा तो गर्भ. हाच विषाणू आज आपल्या पुण्यात मानवी पेशींवर वाढतो आणि निळ्या पेटीत बर्फावर बसून आपल्या अंगणवाडीत येतो.

"आणि त्या स्वीडनच्या बाईला," मेल्विन म्हणाला, "कोणी विचारलेसुद्धा नव्हते."

इनासकाका इतका वेळ शेंगा सोलत होते. काकांनी एसटीत बत्तीस वर्षे कंडक्टरकी केली आहे आणि जगातील प्रत्येक प्रश्न अखेर तिकिटापर्यंत आणून सोडण्याची त्यांची हातोटी आहे. ते म्हणाले, "मेल्विन, गाडीत चढणारा माणूस तिकीट घेताना विचारत नाही की हा रस्ता कोणाच्या शेतातून काढला."

"ज्याच्या शेतातून रस्ता गेला त्याला मोबदला मिळतो, काका, आणि सातबाऱ्यावर तशी नोंद होते. त्या बाईची नोंद कुठे आहे?"

काका शेंग सोलायचे थांबले. हे फार क्वचित घडते, म्हणून लिहून ठेवतो.

ती शांतता प्रफुल्लने भरून काढली, कारण शांतता दिसली की तिच्यात इतिहास ओतायचा हे त्याचे व्रत आहे. त्याने १८९७ ची मुंबई काढली. प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी लस तयार केली तेव्हा जंतू वाढवायला मांसाचा काढा लागत होता. इथल्या लोकांना गाय चालणार नाही आणि डुक्करही चालणार नाही हे ओळखून त्यांनी बोकडाचे मांस वापरले आणि काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढत. दहा जानेवारीला ती लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. "म्हणजे लस कशावर वाढली हा प्रश्न मेल्विनने आज शोधलेला नाही," प्रफुल्ल म्हणाला. "हाफकिन यांनी तो लोकांनी विचारण्याआधीच विचारला होता."

"आणि बोकडसुद्धा न खाणाऱ्यांचे काय?" मी विचारले.

"त्यांच्यासाठी वर तूप होते," काकांनी उत्तर दिले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

प्रफुल्ल थांबला नाही. त्याने १९३० सालचा साबरमती आश्रम आणला आणि इथे मात्र तो नेहमीसारखा मिरवत नव्हता. देवीची लस वासराच्या अंगावर तयार होते, म्हणून गांधीजींचा तिला विरोध होता. ते त्यांना घाणेरडे आणि धर्माविरुद्ध वाटे. दांडीयात्रेच्या तोंडावर आश्रमात देवीची साथ आली आणि मुले गेली. आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे, आपल्या तासगावकडचे, त्यांचा मुलगाही त्यांत गेला, आणि त्यानंतर काही दिवसांतच पंडितजी भजने म्हणत दांडीच्या वाटेला लागले.

"म्हणजे तू मला गांधीजींच्या शेजारी बसवतोस," मेल्विन म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि संकोच जास्त होता.

"बसू नकोस," काका म्हणाले. "गांधीजींची चूक पेलायला गांधीजी लागतात. तुला सोसायटीचा मेंटेनन्स पेलत नाही."

इथून चर्चा घसरली, म्हणजे खऱ्या विषयावर आली. मेल्विन राहतो ती इमारत बावखलावर उभी आहे, हे आम्ही सगळे जाणतो आणि त्याच्या घरी जेवायला जाताना विसरतो. काकांनी ते त्या दिवशी आठवायचे ठरवले. हरित वसईच्या आंदोलनात ते गळ्यात तिकिटांची पेटी घालूनच मोर्चाला गेले होते आणि त्यांना वाटते की तेव्हापासून आळीत त्यांच्याइतका स्वच्छ माणूस उरलेला नाही. "त्या पेशी साठ वर्षांपूर्वीच्या आणि समुद्रापलीकडच्या," ते म्हणाले. "तुझी मोरी ज्या पाण्यावर बांधली आहे ते पाणी बारा वर्षांपूर्वीचे आणि तुझ्या आजीच्या हंड्यातले. त्या बावखलाला तरी कोणी विचारले होते?"

"ना हरकतीच्या कागदावर पहिली सही कोणाची आहे, ते सांगू का?" मेल्विन उठून उभा राहिला. "तुमच्या सख्ख्या भावाची."

"म्हणूनच गेली बारा वर्षे मी त्याच्या घरी नाताळला पाऊल ठेवलेले नाही."

"आणि नळाला पाणी नसले की हंडा घेऊन कोणाच्या विहिरीवर जाता?"

"त्याच्याच," काका म्हणाले. "पाण्याने काय पाप केले आहे?"

सगळे हसले, पण हसून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मेल्विनने फोनवर उघडून ठेवलेल्या त्या व्हॅटिकनच्या उत्तरात जे चार पाने घोळवून सांगितले आहे ते काकांनी एका हंड्यात बसवले होते. जून २००५ मध्ये अमेरिकेतील एका संघटनेच्या प्रश्नावर रोमच्या परमधर्मपीठीय जीवन अकादमीने ते उत्तर दिले. मूळ कृत्य चुकीचेच, पण ज्या आईबापांनी ते केले नाही, त्याला संमती दिली नाही आणि ज्यांच्यापुढे दुसरी लस नाही, त्यांचा त्या कृत्याशी संबंध फार दूरचा राहतो, असा त्याचा सारांश. भावाशी अबोला ठेवायचा आणि लेकरासाठी पाणी मात्र आणायचे. पुढे डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या लसींच्या वेळी रोमने पुन्हा जवळजवळ हेच सांगितले आणि लस घेणे हे स्वेच्छेने असावे, हेही जोडले.

"पण अबोला कुठे आहे?" मेल्विनने विचारले, आणि माझ्या मते दिवसभरातले सर्वांत खरे वाक्य हेच होते. "त्या उत्तरात असेही लिहिले आहे की दुसरी लस मागत राहणे हे आपले कर्तव्य आहे. जपानमध्ये सशाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर रुबेलाची लस तयार होते, म्हणजे अशक्य काही नाही. आपल्यापैकी कोणी कधी मागितली? आपण हंडा भरून आणतो आणि त्यालाच अबोला म्हणतो."

विल्सनने चौथे बोट उघडले आणि जपानच्या लसीची नोंदणी, किंमत, पुरवठा यांवर बोलायला सुरुवात केली. काकांनी त्याला हाताने थांबवले.

"तू किती मुद्दे मांडलेस?"

"तीन झाले, हा चौथा."

"मेल्विनच्या पोरीला रुबेला झाला तर तिला काय होईल?"

"फारसे काही नाही. थोडा ताप, तीन दिवस पुरळ."

"इमारतीला जिने किती?"

"एकच."

"आणि दुसऱ्या मजल्यावर तिसऱ्या महिन्याची कोण आहे?"

विल्सनची बायको. एमआर साहेबांच्या चार बोटांत हा मुद्दा नव्हता. त्याने बॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली, आणि इतक्या वर्षांत ती त्याने कट्ट्यावर प्रथमच खाली ठेवली असावी. "तिची तपासणी झाली आहे," तो म्हणाला, "पण रुबेलाची कधी केली का, ते मला विचारावे लागेल."

मेल्विनने पुन्हा फोन उघडला. त्या २००५ च्या उत्तराला एक तळटीप आहे आणि ती रुबेलाचीच आहे: लस नाकारणाऱ्या आईबापांच्या मुलाकडून गर्भार स्त्रीला लागण झाली, तर पोटातल्या बाळाला होणाऱ्या व्यंगाची जबाबदारी त्या आईबापांवरही येते. त्याने ती मोठ्याने वाचली. ती त्याने आधीच वाचलेली होती हे उघड होते, कारण वाचताना तो एकदाही अडखळला नाही.

"मग विचारतोस कशाला?" काका म्हणाले.

"गुरुवारी नेणारच आहे हो," मेल्विन म्हणाला. "नेताना काही वाटू नये, असे मात्र मला नको आहे."

काकांनी सोललेल्या शेंगांचे दाणे त्याच्या हातावर ठेवले. आमच्या कट्ट्यावर माफी या पद्धतीने मागतात.

मग पुण्याला, ही लस बनवणाऱ्या कंपनीला, पत्र लिहायचे ठरले. सशाच्या पेशींवरची असो किंवा आणखी कशावरची असो, दुसरी लस देशात का आणत नाही अशी नम्र विचारणा करायची, आणि खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. कागद प्रफुल्लच्या वहीतून आला. विल्सनला वर 'विषय' आणि 'संदर्भ' हवे होते. प्रफुल्लला पहिल्या परिच्छेदात हाफकिन हवा होता. काकांनी एकच दुरुस्ती सुचवली, की त्या स्वीडनच्या बाईचा उल्लेख 'दात्री' असा करू नये, कारण तिने काही दिलेले नव्हते, तिच्याकडून घेतले होते. ती दुरुस्ती कोणीही वाद न घालता मान्य केली.

अडले ते सहीपाशी. मेल्विनने पेन काकांपुढे धरले आणि काकांनी हात मागे घेतला.

"या कट्ट्यावर शेवटचा कागद सह्यांसाठी फिरला तेव्हा काय झाले ते समोर दिसते आहे," ते इमारतीकडे बोट दाखवत म्हणाले. "पहिली सही आमच्या घरातून पुन्हा जाणार नाही."

"मग दुसरी करा."

"पहिल्याशिवाय दुसरी कशी करू?"

मेल्विन म्हणाला की त्याची सही पहिली राहिली तर सोसायटीची थकबाकी असलेला माणूस म्हणून पत्राला वजन राहणार नाही. विल्सनला कंपनीची भीती होती, कारण पुण्यात त्याचे डॉक्टर आहेत. प्रफुल्लची सही कोणालाच वाचता येत नाही. माझ्याकडे पेन आले तेव्हा काका म्हणाले, "हा लिहिणारा माणूस आहे, हा सही करणार नाही, हा नंतर लेख लिहील," आणि त्यावर इतका हशा झाला की पलीकडच्या गॅलरीतून मेल्विनच्या बायकोने हाक मारून बाळ झोपले आहे हे सांगितले.

कागद सध्या शेंगांच्या टरफलांसह प्रफुल्लच्या वहीत आहे. गुरुवारी सत्र दहा वाजता सुरू होते, आणि काका म्हणाले आहेत की ते रिक्षा घेऊन येतील, पण भाडे मेल्विनने द्यायचे आणि सुटे आणायचे.