खलाशांचा पगार नेपाळला जातो, आणि पुढे कुठे?

नमस्कार. रत्नागिरीच्या बंदरांतल्या नेपाळी खलाशांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "आपल्या बोटींचा पैसा नेपाळला जातो, आपली पोरं घरी बसतात, आणि तुम्ही त्याचं कौतुक करता."

पोरांचा मुद्दा आधी घेतो, त्यात तथ्य आहे. 1950 च्या भारत-नेपाळ कराराच्या सातव्या कलमामुळे नेपाळी माणसाला इथे कामाचा परवाना लागत नाही. बोटमालकाला माणूस मिळतो, त्यामुळे पगार वाढवायची निकड राहत नाही. लेखात हे यायला हवं होतं. पण कॅलेंडरही बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि नेमकी तेव्हाच नेपाळात भाताची लावणी. खलाशी घरचं शेत लावून परततो. दोन महिने बिनपगारी काढणं त्याला जमतं. इथल्या पोराला बारा महिन्यांचं पोट आहे. नेपाळी आला नाही, तरी हे दोन महिने कोण भरून देणार? (उचल घेऊन गेलेला खलाशी वेळेत परतला नाही की ऑगस्टात बोट धक्क्यालाच राहते, हा मालकाचा धोका वेगळाच.)

आता पैसा. 1993 पासून 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये, हा दर बांधलेला आहे. इथून पाठवलेले 10,000 तिकडे 16,000 होतात आणि त्यातून येतं काय? इंडियन ऑइलचं पेट्रोल, भारतातला तांदूळ, औषधं, मोटरसायकली. भारतीय रुपया कमी पडला की नेपाळ राष्ट्र बँकेला (तिथल्या मध्यवर्ती बँकेला) डॉलर विकून तो घ्यावा लागतो. म्हणजे पैसा भारतात परततो, फक्त रत्नागिरीत परतत नाही. तुमच्या बाजारपेठेची तक्रार खरी आहे, देशाची नाही. शिवाय तराईत, म्हणजे नेपाळच्या भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यात, केस कापणारे, गवंडीकाम करणारे बिहारी तिकडून पैसे आणतातच.

खरी गळती मला दिसते ती खिशातल्या रोकडीत. 2016 च्या नोटबंदीत नेपाळच्या घराघरांत जुन्या नोटा अडकल्या. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने 100 च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. हे टाळायला रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स, म्हणजे नेपाळला बँकेतून पैसे पाठवायची, सोय आहे. एनईएफटी (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची यंत्रणा) असलेल्या बँक शाखेत, खातं नसतानाही, एका वेळी 50,000 पर्यंत रोख भरता येते. अडतं ओळखपत्रावर, पण मालकाने फोटोसह दिलेला ओळखीचा दाखलाही त्यासाठी चालतो. तो दाखला लिहून द्यायला मालकाला दहा मिनिटं लागतात. तिकडे खातं नसेल तर घरचा माणूस व्यवहार क्रमांक आणि नागरिकता प्रमाणपत्र दाखवून एजंटाकडून पैसे घेतो. आठवड्यात तो गेला नाही, तर रक्कम परत फिरते. म्हणून नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, लिहायचं आणि पैसे भरल्याबरोबर क्रमांक फोनवर घरी कळवायचा.